एका कोयत्याच्या दोन पावत्या

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. मोठमोठ्या कार्यकर्त्यांनी लिहावं अशा विषयावर मी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. गेली दोन वर्षं ऊसतोड कामगारांच्या संघटनेत कार्यालय सांभाळतो, एवढीच माझी ओळख. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमदारसाहेबांच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो. आमचे तालुकाध्यक्ष नाना, मी आणि राणीसावरगावजवळच्या एका वाडीच्या शोभाताई. आमची मागणी एका ओळीची होती. ऊसतोड बायकांचं ओळखपत्र वेगळं काढा.

हे वाचणाऱ्याला समजावं म्हणून सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी मजूर जमवणारा माणूस, उचल देतो तीही कोयत्यावर. दोघं राबतात, पण गावात ग्रामसेवकाकडे नोंद होते, ओळखपत्र निघतं, ते नवऱ्याचं. मागच्या हंगामात शोभाताईंच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मदतीचा अर्ज केला, तर तुमची नोंदच नाही म्हणून परत आला.

“माझं गेलं ते गेलं,” त्या आमदारांना म्हणाल्या. “पण औंदा माझी पोरगी पयल्यांदा जायलीय. लगीन होऊन सहा म्हयने झालेत, वाडीतच दिलीय. तिचं नाव कुठं तरी असू द्या.”

आमदारांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “नाना, मी तारांकित प्रश्न टाकतो. पण मला सांगा, तुमच्या संघटनेत बायका किती?”

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. तो अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. सदस्यांची यादी मीच केली होती. तिच्यात एकही बाई नव्हती, कारण आम्हीही सदस्यत्वाची पावती कोयत्यावरच फाडायचो. माझे आई-वडील वीस वर्षं तोडीला गेले. यादीत वडिलांचं नाव होतं, आईचं नव्हतं.

“सगळ्या धरूनच हायेत, साहेब,” नाना म्हणाले.

“सरकारपण हेच म्हणतंय,” आमदार म्हणाले. “मी उभा राहिलो आन मंत्र्यानं हेच विचारलं, तर काय सांगू?”

परतीच्या एस.टी.त नानांनी ती यादी माझ्याकडून मागून घेतली, वरून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, “कालेजवाले, नवीन पावतीपुस्तकं छापायला टाक.”

माझी समजूत अशी होती, की असं काम मुंबई-नागपूरला होतं. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, पेपरात पाठवायचा. नानांची रीत वेगळी. ते म्हणतात, आमदाराला आपला मुद्दा पटून भागत नाही. तो मुद्दा त्याच्या मतदारांचा आहे, हे त्याला रोज दिसलं पाहिजे. म्हणून वर प्रश्न गेला, की खाली वाडीवाडीत बैठका लागतात.

पहिली बैठक शोभाताईंच्या वाडीत झाली. समाजमंदिरात पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. नानांनी सांगितलं, इथून पुढं बायकांची पावती वेगळी.

भानुदास म्हणून एक जण उठले. “एका कोयत्याच्या दोन पावत्या? हे काय काढलं नाना? आमच्या बायका आमच्यातच हायेत की.”

मागून शोभाताई म्हणाल्या, “मंग तुमी आमच्यात या, भाऊजी. पावती माझ्या जावंच्या नावानं फाडू. चालंल?”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भानुदासांची बायको जरा जास्तच हसली.

“लोक काय म्हणतील?” भानुदास म्हणाले.

“मोळी डोक्यावर घेऊन मी फळीवरनं गाडीवर चढते, तवा लोक काय म्हणत्यात?” त्यांची बायको म्हणाली. आजवर बैठकीत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. भानुदास खाली बसले. पहिली पावती त्यांच्या घरातच फाटली.

पण सगळ्या वाड्यांत असं झालं नाही. एका ठिकाणी आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं. काही जोड्या तोवर कारखान्यांवर पोचल्याही होत्या. त्यांना मी फोन लावायचो. नवरा उचलायचा आणि म्हणायचा, “ती मोळ्या बांधायलीय, मलाच सांग.” मी चाचरत म्हणायचो, “दादा, त्यांच्याशीच बोलायचंय.”  मग कधी बाई यायची, कधी फोन कट व्हायचा.

हिवाळी अधिवेशन लागलं आणि आमची खरी अडचण पुढे आली. अधिवेशन नेमकं तोडीच्या भरात असतं. बाकीच्या संघटना नागपूरला मोर्चे नेतात. आमची माणसं उसाच्या फडात. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

नानांनी निरोप धाडला. मोर्चा नाही, पण दुपारी भाकरी खायला बसल्यावर प्रत्येक बाईनं आमदारांच्या ऑफिसला फोन करायचा. आपलं नाव, आपलं गाव आणि ‘आमच्या प्रश्नाचं काय झालं’, एवढंच बोलायचं.

चौथ्या दिवशी त्यांच्या पीएचा मला फोन आला. “अरे बाबा, थांबव हे. मलाबी दुपारीच जेवायचं असतं.”

“साहेबांना कळलं का?” मी विचारलं.

“कळलं म्हणजे? तेच विचारायलेत, आज कुठल्या गावचा आला म्हणून.”

आमचा प्रश्न यादीत आला, पण त्या दिवशी सभागृहात गोंधळ झाला आणि नंबर लागला नाही. अशा वेळी लेखी उत्तर मिळतं. पीएनं ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. मी नानांना वाचून दाखवलं. महिला कामगारांची स्वतंत्र नोंदणी करण्यास सध्याच्या नियमांत कोणतीही अडचण नाही, असं त्यात होतं.

“परत वाच,” नाना म्हणाले. मी वाचलं.

“म्हंजी आडवलं कुणी होतं?”

 नियमात नसलेली अट आम्ही सगळेच पाळत होतो. मुकादम, कारकून, नवरे आणि आमची संघटनासुद्धा. कायदा बदलायला निघण्याआधी तो एकदा वाचावा, एवढं मी यातून शिकलो.

शोभाताई उत्तराची प्रिंट घेऊन ग्रामसेवकाकडे गेल्या. ते म्हणाले, करतो, पण मुलीला स्वतः यावं लागेल. मुलगी तेव्हा फडात होती. संपूर्ण हंगाम ती नोंदीशिवायच राबली. शोभाताई दर आठ-पंधरा दिवसांनी मला फोन करायच्या, नुसतंच “काही न्हाई, सहज” म्हणायच्या. 

कारखाने बंद झाले, माणसं परतली. त्यानंतर बरेच दिवस त्यांचा फोन नाही. विचारायची माझी हिंमत होईना. परवा आला.

“पोरगी धडधाकट आली. कार्ड बी निघालं तिचं,” त्या म्हणाल्या. “चार दिस झाले. ग्रामसेवक आता जोडप्याला दोन फोटो मागायलाय, नवऱ्याचा येगळा आन बायकोचा येगळा, तर समद्या बायकांना घेऊन गंगाखेडला फोटोवाल्याकडं चकरा मारायलेय. म्हणून तुला सांगायचं राहून गेलं बघ.”