खडावांची कादंबरी

तेर गावच्या मल्लिनाथनं तरुणपणी एक कादंबरी पारावर मोठ्यानं वाचली होती. तिच्यातली विधवा नवऱ्याच्या खडावा पुजत जन्म काढते, म्हणून सारा गाव रडला होता. निजामाच्या मुलखात मराठी पुस्तक दुर्मीळ. त्यानं ते लाल फडक्यात जपलं.

चव्वेचाळीस साली त्याची लेक चन्नम्मा विधवा झाली. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती, स्थळही चालून आलं. पण बापाच्या तोंडून ती गोष्ट ऐकत वाढलेली लेक म्हणाली, "मी पुस्तकातल्या बाईवानीच राहणार."

मल्लिनाथनं तीस वर्षांनी पुस्तक उघडलं आणि त्याचं डोकं फिरलं. त्या बाईला लेखकानं पोटभर जेवूसुद्धा दिलं नव्हतं!

"असल्याला म्या रडलो व्हय?" त्यानं पुस्तक आपटलं. "जाळतोच आता."

त्याची विधवा बहीण नागम्मा ज्वारी निवडत होती. "अण्णा, तुमी रडलात म्हणून म्या पाट नाकारला. तवा न्हाय जाळलं!"

त्यानं आपटलेलं पुस्तक उचललं.

"पोरीला बोलवा," ती कडाडली. "तसंच मोठ्यानं वाचा. राग येईल तिथं थांबून शिव्या द्या. तिलाबी ऐकू द्या."

मल्लिनाथनं चन्नम्माला हाक मारली, पहिलं पान उघडलं आणि पहिली शिवी स्वतःला हासडली.