कारल्याचं बी आणि माझ्या कानाचं औषध

मंडळी, आज सकाळी नातसुनेनं वाटीभर पाण्यात चमचाभर हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं आणि त्यात कारल्याच्या बिया टाकल्या. "आजी, यानं बुरशी मरते, बी लवकर उगवतं. मोबाईलवर पाहिलं." बियांवर बारीक फेस चढला आणि मी थेट अनसिंगच्या माझ्या माहेरच्या घरात पोचले.

स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. माझा डावा कान फुटला होता. वाशिमच्या दवाखान्यातून हेच औषध आणलं होतं. माय रोज दोन थेंब टाकायची. कानात फस्स व्हायचं आणि मी खिदळायचे.

ठणका थांबला, तसं मायला वाटलं कान बरा झाला. त्याच वेळी तिच्या माहेरच्या, रिठदच्या कारल्याच्या बियांना बुरशी लागली. तिची आई नुकतीच गेलेली, ते बियाणं पुन्हा मिळणार नव्हतं. मायनं उरलेलं औषध बियांवर ओतलं.

बाबा हसले, "काहून वं, बियायचे बी कान फुटले काय?"

"कानातली घान खाते, तं बुरशी नाई खाईन काय?"

चार बिया उगवल्या. आजचं बी त्यांच्याच वंशातलं.

औषध अर्धवट राहिल्यानं माझा डावा कान मात्र बहिरा झाला. कारल्याची भाजी झाली की माय पहिलं ताट माझं वाढायची.

तुमच्या आईनं तुमच्या वाट्याचं काही असं दुसऱ्याला दिलं होतं का? राग आला होता?

मला आला होता. आज ती वाटी उजव्या कानाशी धरली, तेच फस्स ऐकू आलं, तेव्हा गेला.