झाकणावरचं लाल कुलूप

हरी वाघमारेचा एक पाय शिडीवर होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

"साहेब, उतरू ना?"

खालापूरकडच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. समोर सांडपाण्याची टाकी, जमिनीत दोन पुरुष खोल. तळातला पंप गाळानं जॅम झाला होता आणि तो आत उतरून मोकळा करायचा होता. हरी कंत्राटी कामगार, कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या वाडीतला. असल्या टाकीत माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा तपासायची आणि मग परमिटवर सही करायची. ती सही माझी.

मी मुळात भित्रा माणूस. विहिरीत पोहायला शिकलो नाही तो नाहीच. पण या नोकरीत भित्रेपणाचाच पगार मिळतो, त्यामुळे बरं चाललं होतं.

कुजक्या गाळातून एक गॅस निघतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा. थोडा असला तर नाकाला झोंबतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस बघता बघता कोसळतो. सकाळी झाकण उघडलं तेव्हा घाण वास मारत होता. आता हरी म्हणत होता, "वास गेला की साहेब. कायबी नाय." हे ऐकताच मी त्याला हाताला धरून बाहेर ओढलं आणि सगळ्यांना मागे सरकवलं.

तेवढ्यात पारकर साहेब आले. आमचे प्लांट हेड.

"मीटर काय म्हणतोय?"

"शून्य."

"मग सही करा."

"मीटर मेलाय, साहेब. सकाळी वास येत होता तेव्हाही शून्यच दाखवत होता."

"त्याचं टेस्टिंग सर्टिफिकेट आलंय ना?"

"सर्टिफिकेट आलंय. मीटर माझ्या कपाटातून हललाच नव्हता."

गॅसचा मीटर ठरावीक काळानं तपासायला पाठवावा लागतो. आमच्याकडे मीटर न पाठवताच कागद यायचा. असे कागद घरपोच देणारे लोक असतात. मी तक्रार केली होती, तेव्हा 'ॲडजस्ट करा' असं उत्तर मिळालं होतं.

शेजारच्या कंपनीतल्या देशमुखला मी फोन लावला. तोही सेफ्टी ऑफिसर. त्याचा मीटर मागितला. "आणतो, पण गेटवर वेळ लागेल," तो म्हणाला. साहेबांना तेवढाही धीर नव्हता. पंप बंद म्हणजे प्लांट बंद. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज मऊ केला. मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा या आवाजाची जास्त भीती वाटायची.

"साळवे, वहिनींचं डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर आहे ना?"

 माझी बायको रूथ आठवड्यातून दोनदा त्या मशीनला जोडली जायची. तिथलं बिल माझ्या पगारात बसणारं नव्हतं.

"आणि तुम्ही तर रोज प्रार्थना करून येणारे. देवावर भरवसा नाही का? तुमचा येशू सांभाळेल त्याला. करा सही."

 मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, ही भीती तेवढी काढून घे. काही झालं नाही. छाती तशीच धडधडत राहिली. मग आठवलं, येशूलाही उंचावर नेऊन कुणीतरी हेच सांगितलं होतं, टाक उडी, देव झेलेल. सांगणारा सैतान होता, तेही आठवलं.

मी परत टाकीपाशी गेलो. हरी उतरण्यासाठी बांधलेला कमरेचा दोर सोडायला तयार नव्हता.

"तुमी फकस्त हो म्हणा साहेब. तुमी हो म्हणलं का मला भ्या नाय."

त्याचा भरवसा देवावर नव्हता, माझ्यावर होता. माझी सही म्हणजे त्याला जीव शाबूत असल्याची खात्री. खरं सांगतो, आयुष्यात एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो.

मी झाकण लोटलं आणि त्याला माझं लाल कुलूप घातलं. आमच्या धंद्यात नियम आहे, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. किल्ली खिशात टाकली.

"कापा ते कुलूप!" साहेब ओरडले.

फिटर ग्राइंडर घेऊन आला. ग्राइंडरच्या ठिणग्या पडतात आणि हा गॅस पेटतो. म्हणून तिथं ग्राइंडर चालवायलाही परमिट लागतं. त्यावरही सही माझीच. एरवी मला हसू आलं असतं. फिटर वायर उलगडायला लागला तसा मी झाकणावर जाऊन बसलो. श्वास कोंडून बसलो म्हणा. खाली काय आहे ते मला माहीत होतं, म्हणूनच घाम फुटला होता.

देशमुख धावतच आला. झाकण उघडायचीही गरज पडली नाही. फटीजवळ नेताच त्याचा मीटर किंचाळायला लागला. सगळ्यांत आधी मागे पळाले ते पारकर साहेब. हरीनं गुपचूप कमरेचा दोर सोडला.

मग सक्शन टँकर आला, गाळ उपसला, पंप वरूनच साखळीनं ओढून काढला. आत माणूस उतरवावाच लागला नाही.

काही आठवड्यांनी मला काढलं. कारण, कॉस्ट कटिंग. मेडिक्लेम गेला. रूथचं डायलिसिस आता एका धर्मादाय हॉस्पिटलात चालतं. तिथं नंबरसाठी पहाटे कर्जतच्या घरून निघावं लागतं. कधी मशीन मिळतं, कधी हात हलवत परत येतो. आजही त्या दाराशी उभा राहिलो की मला भीती वाटते.

एकदा तिथंच थांबलो असताना मी रूथला त्या प्रार्थनेचं सांगितलं. म्हटलं, एवढंच मागितलं होतं, भीती काढून घे. तेवढंही देवानं ऐकलं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "काढली असती तर तुम्ही सही करून घरी आला असतात."

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. रुजू झालो तेव्हा सगळ्यात आधी तिथल्या मीटरला तपासणीच्या छोट्या सिलिंडरमधला गॅस हुंगवला. तो किंचाळला, मग मी हजेरीवर सही केली.