सकाळी सातचा डोंगर

आपल्याच हातानं काठी तासायची, ती दुसऱ्याला द्यायची आणि वर पाठ पुढं करायची. हे मी केलंय, अर्ध्या गावासमोर केलंय. चहा उकळेस्तोवर सांगतो, हसायचं तेवढं हसून घ्या.

भारनियमनाचे दिवस. बारा-बारा तास लाईट नसायची. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून गावी, कुरुंद्याला येऊन बसलेलो. का सोडला? शिकवणाऱ्यांना येत नव्हतं आणि मला ते ऐकवत नव्हतं. होस्टेलात एकच विद्या मिळाली, कॉईलची शेगडी बनवायची.

एक दिवस त्याच कॉलेजचे एक सर जीपनं गावात आले. पीएच.डी. करत होते. खेड्याला कुठल्या तासाला किती वीज लागते ते मोजायचं आणि तेवढी सूर्याकडून कशी मिळवायची याचं गणित मांडायचं, असा विषय. त्यांनी गावाच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, मोजणीची पेटी बसवली.

"चार आठवडे सांभाळ," सर म्हणाले. "नोंदी चांगल्या आल्या तर तुला लॅबमध्ये घेतो. राहिलेलं शिक्षणही होईल."

ती नोकरी मला पाहिजेच होती. बाबा रोज सकाळी हळदीच्या रानात जाताना माझ्या खाटेपाशी थांबून विचारायचे, "इंजिनियर, उठले का?" ते मला बंद पाडायचं होतं.

पेटी बसली आणि त्याच संध्याकाळी गावानं तारांवरचे सगळे आकडे काढले. मीटरला फाटा देऊन घेतलेली वीज म्हणजे गावाची वडिलोपार्जित इस्टेट, ती एका दिवसात गायब. आता पेटी काय मोजणार, चार बल्ब आणि एक टीव्ही? मी समाजमंदिरात गेलो. तिथं थोर मंडळी बसलेली असतात. बसणं हेच त्यांचं काम.

"ही पेटी संशोधनाची हाय," मी म्हणालो. "कुणाला पकडत न्हाई. आकडे टाका परत."

मारोतीमामा माजी सरपंच. त्यांचा आकडा गावात सगळ्यात जुना. "आकडे टाका म्हणून राहिला?" ते म्हणाले. "लोखंडी पेटी, वरून सील, अन् म्हणं पकडत न्हाई. काहून आली मग? हवा खायला?"

"चोराच्या मनात चांदणं, मामा. जन्मभर फुकट जाळली, म्हणून भेता."

"व्हय बाबा. तू शिकलेला. अर्धा का व्हयना."

चार आठवड्यांनी सरांनी समाजमंदिराच्या भिंतीवर भलामोठा आलेख लावला. गाव जमलं. तारखेवार रेघा, दिवसभर जमिनीला टेकलेल्या, फक्त सकाळी सातला एक उंच डोंगर.

सर खुशीत होते. "बघा, इथल्या भगिनींनी चूल सोडून विजेवर स्वयंपाक सुरू केलाय. प्रबंधात यावर माझं वेगळं प्रकरण आहे."

बायका पदराआड हसल्या. मी इथं गप्प बसायला पाहिजे होतं. पण हातात आलेख दाखवायची काठी होती, समोर मारोतीमामा होते आणि लॅबची नोकरी एका हुशार वाक्यावर आली होती.

"सर, स्वयंपाक रोज असतो, हा डोंगर रोज नाही," मी आलेखावर काठी आपटली. "हे एकाच माणसाचं काम आहे. एवढा भार घरच्या मीटरवर टाकला तर फ्यूज उडतो. म्हणजे गावात एक आकडा अजून चालू आहे. मामा, बोला आता. कोण हा निर्लज्ज?"

मागून बाबांचा आवाज आला.

"डोंगर कोणत्या तारखेला न्हाई?"

"बारा, पंधरा अन् सोळा."

"सोळाला मीच तुझ्यावर वरडलो होतो," बाबा सावकाश म्हणाले. "दोन दिस झाले, अंगावर पाणी घे म्हणून."

माझ्या हातातली काठी खाली आली. शेगडी मीटरवर लावली की फ्यूज उडायचा, म्हणून अंघोळीच्या पाण्यासाठी मी तिला आकडा दिला होता. अख्ख्या गावाला पेटीची भीती. ती पकडत नाही हे माहीत असलेला गावात मी एकटाच. मग मी कशाला काढतो आकडा?

"बराबर," मारोतीमामा म्हणाले. "पेटी पकडत न्हाई म्हणला होतास. चोर तर तू सोताच दावला. पेटीनं नुसत्या अंघोळी मोजल्या."

सरांनी आलेख गुंडाळला. त्यांच्या प्रकरणातला स्वयंपाक गेला, माझी लॅब गेली. दुसऱ्या दिवशी गावानं सगळे आकडे परत टाकले, आता पेटीची खात्री पटली होती ना.

सर पुढं डॉक्टर झाले. बाबांचं ते "इंजिनियर, उठले का?" मात्र कायमचं बंद झालं. आता रानात जाताना खाटेपाशी थांबतात आणि विचारतात, "आज डोंगर हाय का?"