डोणगावात शिवलेलं शीड

उन्हानं पुढच्या शिडाच्या कडेची निळी पट्टी कुजली, तेव्हा मी गोव्यात एका शिडाच्या बोटीवर कामाला होते. हे शीड बोटीच्या नाकाशी उभ्या नळीभोवती गुंडाळून ठेवतात. गुंडाळल्यावर ती पट्टी तेवढी बाहेर राहते आणि आतल्या कापडावरचं ऊन झेलते. तिथल्या शीड शिवणाऱ्यानं महिनाभर थांबायला सांगितलं. मी बोटीवर जुनं शीड चढवलं आणि हे घडी करून सुट्टीत घरी, डोणगावला आणलं.

आमच्या शेजारचे चाचा ताडपत्र्या आणि मंडपाचं कापड शिवतात. त्यांनी शीड अंगणात पसरलं, कडेकडेनं हात फिरवला आणि एका कडेत दोरी कशाला शिवलीय ते विचारलं. ती कड नळीच्या खाचेतून सरकत वर जाते, असं मी सांगितलं. ती दोरीही झिजली होती. पट्टीबरोबर त्यांनी तीही बदलली.

नळीचा वीतभर तुकडा मी सोबत आणला होता. नवी कड त्यात घातली तर अर्ध्यावर अडकली. जोर लावला की जाईल, असं मी म्हटलं. चाचा ब्लेड घेऊन सगळी शिवण उसवायला बसले.

"काऊन उसवता चाचा?"

"इथं अडकली त मी हावो. तिथं अडकली त वर कोन चढन? तूच ना?"

दोरी जाड झाली होती; बारीक दोरी मेहकरहून आणावी लागली. दोन दिवस जास्त गेले.

गोव्याला परतल्यावर एका सकाळी वारा पडलेला पाहून आम्ही जुनं शीड उतरवलं. चाचांचं शीड खाचेतून कुठंही न अडता टोकापर्यंत गेलं. मी लगेच त्यांना व्हिडिओ कॉल केला आणि ऐटीत शीड गुंडाळून दाखवलं.

चाचांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, "बेटा, माही पट्टी कुठी गेली?"

मी वर पाहिलं. सगळं पांढरं. नळीच्या तळाच्या फिरकीवरची, ओढली की नळी फिरवणारी दोरी धुऊन मीच परत गुंडाळली होती, तीही उलटी. म्हणून शीड उलट्या बाजूनं वळलं आणि पट्टी आत गेली. शरमेनं मी ते कबूल केलं.

"शिवन त उसवा लागत नाही ना?"

"नाही चाचा, फक्त दोरी."

"मंग होते," म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

दोरी सुधारायची तर शीड पुन्हा पूर्ण उघडावं लागणार होतं, आणि एव्हाना वारा सुटला होता. संध्याकाळपर्यंत थांबणं भाग होतं. डेकवर बसल्या बसल्या वाटलं, माझं काम घरच्यांना कळणार नाही हे मीच ठरवून टाकलं होतं. समुद्र कधी न पाहिलेल्या चाचांना ते दोन प्रश्नांत कळलं, कारण त्यांना मी नीट सांगितलं होतं.

वारा पडल्यावर काम उरकलं आणि आईला फोन लावला. शीड कसं बदलतात ते पहिल्यापासून सांगितलं. मध्येच थांबवून तिनं विचारलं, वारा नसला तर तुम्ही काय करता? मी सांगत बसले.