फुलाखालचा शब्द
मोरचूद घातलेल्या खळीचा वास आला की मला ताईचं ते कार्ड आठवतं. ताई लग्न होऊन चंदगडला गेली, त्या पहिल्याच श्रावणात पंचमीला तिला माहेरी आणायला मी जायचं होतं. पण मित्रांनी पन्हाळ्याचा बेत केला आणि मला त्यांना नाही म्हणवलं नाही. मन खात होतं, म्हणून मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीत बसून तिच्यासाठी कार्ड केलं. तांबड्या क्रेप कागदाच्या पाकळ्या कापल्या, तिनंच शिकवल्याप्रमाणे पेन्सिलीवर गुंडाळून त्यांच्या कडा वळवल्या. शाईच्या पेनानं लिहिलं, 'पंचमीला न्यायला येणार नाही', आणि ओळीच्या शेवटी घरच्या खळीनं फूल चिकटवून पाकीट पोस्टात टाकलं. दिवाळीला ती आली तेव्हा तिनं पिशवीतून तेच कार्ड काढलं. तिकडच्या पावसात फुलाचा रंग उतरून शेवटच्या शब्दावर पसरला होता. "येणार म्हणून लिवलंतंस की रे," ती म्हणाली, "पिशवी घिऊन स्टँडवर बसलो. तीन गाड्या बघितल्या आन् मग घरला गेलो. काय अडचण आलती व्हय तुला?" मी म्हणालो, "व्हय, ताप आलता." तो ताप अजून अंगात असल्यासारखा तिनं माझ्या कपाळाला हात लावला. ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कार्ड माझ्याकडंच आहे, आणि त्या तांबड्या डागाखाली काय लिहिलं होतं ते तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.