अक्कांची धायटी

अक्का गेल्याचं माझ्या मुलाचं पत्र नांदेडहून लातूरला आलं, तेव्हा मी शेंगा सोलत बसले होते. पत्र वाचलं, आणि पुन्हा शेंगाच सोलत राहिले... अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आज लिहायला बसले ते त्यांच्या गुणगानासाठी नाही. माझ्या हातून घडलेलं एकदाचं सांगून टाकावं म्हणून.

निजामीची शेवटची वर्षं होती. मी नांदेडच्या त्या घरात धाकटी सून होऊन आले, त्याच्या आधीच थोरले भावजी, अक्कांचे मालक, धरपकड चुकवायला निजामाचा इलाका सोडून वऱ्हाडात गेले होते. जाताना माहूरच्या डोंगरातलं धायटीचं रोप अंगणात लावून, 'हे फुलायच्या आत येतो' म्हणाले होते. पैनगंगा ओलांडली आणि माणूस गप्प झाला. ना चिठ्ठी, ना सांगावा. अक्का आंघोळीचं पाणी त्या झुडपाकडे वळवायच्या. लोक म्हणायचे, बाईला बागेचा नाद लागला.

धायटी मोठी चिवट, मुरमातही जगते. थंडी सरताना पानं टाकते आणि मग उघड्या फांद्यांवर लालभडक फुलते. पण हे मला कुठं ठाऊक? मी अर्धापूरची, केळीत वाढलेली. वाळलं की तोडायचं, एवढीच माझी अक्कल. अक्का माहेरी देगलूरला गेल्या होत्या आणि नव्या सुनेला कामाचा उरक दाखवायची भारी हौस. झुडूप मुळासकट खणलं आणि न्हाणीच्या चुलीपाशी रचून ठेवलं.

अक्का आल्या. एक काटकी उचलून नखानं खरवडली. आत हिरवं होतं.

"जित्तं हुतं गं हे," एवढंच म्हणाल्या. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

निजामी गेली, इतरांची माणसं परतली, भावजी आले नाहीत. पुष्कळ वर्षांनी हिय्या करून मी माफी मागितली. अक्का तांदूळ निवडत होत्या.

"ते यायचे राहिले ते तुझ्यामुळं न्हाई, कमळ. पन एकदा फुलं आली असती, तर माझं वाट बघनं तरी सरलं असतं."

त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. अंगण सारवताना मात्र अक्का धायटी होती तिथं टोपलीएवढी गोल जागा कोरडी सोडायच्या. तेराव्याला गेले, तर माझी सून सारवत होती, तेवढीच जागा सोडून. का गं, म्हटलं.

"काय की. अक्कांनी असंच शिकवलंय."

तिला सांगायला हवं होतं. मी मुकाट्यानं आत गेले.